जुनी .22 बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल विकत घेण्याआधी तिची अचूकता रेंजवर कशी तपासावी?

तुम्ही लिहिलंय की क्लबमधल्या एका ज्येष्ठ नेमबाजांची .22 बोल्ट-अ‍ॅक्शन तुम्हाला घ्यायची आहे. 50 मीटरवर मारून बघितली तेव्हा पहिल्या तीन गोळ्या एकाच भोकात गेल्या आणि पुढच्या ग्रुपमध्ये (म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या पुंजक्यात) दोन बाहेर पडल्या. मग रायफल चांगली आहे की नाही, की चूक तुमच्या हाताची, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मुंबईत बरीच वर्षं .22 मारते आणि नव्या मुलांना रायफल निवडायला मदतही करते. माझं पहिलं सांगणं असं की त्या तीन गोळ्या विसरा आणि बाहेर पडलेल्या दोन मात्र जपून ठेवा. शितावरून भाताची परीक्षा रायफलच्या बाबतीत होत नाही. एखादी रायफल पाच गोळ्यांचा ग्रुप सरासरी 20 मिमीचा देत असेल, तर तीच रायफल तीन गोळ्यांत सरासरी 16 मिमी दाखवते आणि दहा गोळ्यांत 25. तिच्यात काहीच बदललेलं नसतं. जितक्या जास्त गोळ्या, तितकी एखादी लांब पडण्याची संधी जास्त, एवढंच. शिवाय पाच-पाचचे ग्रुप आपसातही खूप हलतात. तीच रायफल, तीच गोळी, एक ग्रुप 15 मिमी आणि लगेच पुढचा 25, हे रोजचं आहे. म्हणून लोक खिशातून सगळ्यात छान ग्रुपचा कागद काढून दाखवतात तेव्हा मी बाकीचे कागद मागते.

दहा गोळ्यांचे ग्रुप मारा, निदान चार-पाच, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी. बाहेर गेलेली गोळी ‘फ्लायर’ म्हणून सोडून देऊ नका. ट्रिगर ओढताना हलल्याचं तुम्हाला त्याच क्षणी, स्कोपमधून भोक बघण्याआधी जाणवलं असेल आणि तुम्ही तसं लिहून ठेवलं असेल, तरच ती वगळा. भोक बघितल्यावर सुचलेलं कारण धरायचं नाही. यावर मी फार हट्टी आहे, कारण रायफल घेताना फसगत बहुतेक इथेच होते.

मोजायचं कसं? सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा धरून अंतर घ्या आणि त्यातून गोळीची जाडी, 5.6 मिमी, वजा करा. हे झालं केंद्रापासून केंद्रापर्यंतचं अंतर. पण हा आकडा फक्त दोन गोळ्या ठरवतात. त्यापेक्षा ग्रुपचा मध्य काढून प्रत्येक भोक त्या मध्यापासून किती दूर आहे ते मोजा आणि सरासरी घ्या. वेळ लागतो, पण दहाही गोळ्यांचं म्हणणं त्यात येतं आणि दोन रायफलींची तुलना खरी होते.

आता किती चांगलं म्हणजे चांगलं? 50 मीटरच्या टार्गेटवर दहाची रिंग 10.4 मिमी व्यासाची असते, आणि गोळीची कड रिंगला लागली तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून 8 मिमीच्या आत असलं की दहा. तेव्हा दहा गोळ्यांचा ग्रुप केंद्रापासून केंद्रापर्यंत 10-12 मिमीच्या आसपास राहत असेल, तर रायफल आणि गोळी उत्तम जुळलीत असं समजा. 15 ते 20 मिमी असेल तर शिकायला हरकत नाही, पण तुम्ही अगदी बरोबर मारलेली एखादी गोळी ती नऊमध्ये टाकणार. स्वप्नील कुसाळे पॅरिस 2024 मध्ये 600 पैकी 590 गुण मिळवून सातव्या क्रमांकावर फायनलमध्ये गेला आणि मग कांस्य जिंकला. फायनलला आठ जणच जातात. दहातली एक गोळी नऊमध्ये टाकणारी रायफल 60 गोळ्यांत सहा गुण खाते, मग नेमबाज कितीही चांगला असो.

हात आणि रायफल वेगळी करायची तर स्लिंग लावून झोपून मारू नका. पुढे रेस्ट (रायफल टेकवायचा आधार), मागे बटखाली सँडबॅग, आणि शक्य असेल तर डायॉप्टर (बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट) काढून स्कोप. रेंज ऑफिसरला आधी सांगा. रेस्टवरून मारायला प्रत्येक रेंज परवानगी देतेच असं नाही. स्कोपचा पॅरॅलॅक्स 50 मीटरला जुळवा: रायफल हलू न देता डोकं थोडं इकडेतिकडे करा, क्रॉसहेअर टार्गेटवर सरकली तर तो जुळलेला नाही. मधल्या वेळात बोल्ट उघडा आणि चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण) घाला, हे चाचणीच्या गडबडीतही सुटता कामा नये.

वाऱ्याचं म्हणाल तर .22 ची गोळी हळू असते, सेकंदाला साधारण 330 मीटर. सेकंदाला दीड मीटर वेगाचा आडवा वारा तिला 50 मीटरवर 8 मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक अख्खी रिंग, सरकवतो. एवढा वारा गालाला जेमतेम कळतो. वरळीसारख्या समुद्राजवळच्या जागी दुपारकडे समुद्रावरून वारा सुरू होतो, म्हणून चाचणी सकाळी लवकर उरका. ग्रुप आडवा पसरला तर आधी वाऱ्यावर आणि ट्रिगरवरच्या बोटावर संशय घ्या. उभा पसरला तर गोळीच्या वेगावर: वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला तर गोळी 7 मिमीच्या आसपास वर किंवा खाली लागते. बॅगवर रायफल दर वेळी सारखी टेकली नाही तरी ग्रुप उभा होतो, ते आधी तपासा.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण धरतच नाहीत. तुम्ही नुसती रायफल तपासत नाही, रायफल आणि गोळीचा लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) अशी जोडी तपासता. एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी, फक्त डब्यावरचा लॉट नंबर वेगळा, आणि ग्रुप दीडपट झालेला मी बघितलाय. म्हणूनच लापुआ आणि एलीसारख्या कंपन्या स्वतःच्या टेस्ट सेंटरमध्ये नेमबाजाची रायफल पक्की बांधून लॉटमागून लॉट मारून देतात. तेव्हा निदान दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या मारून बघा. एका गोळीवरून दुसरीवर जाताना पहिल्या दहा-पंधरा गोळ्या मोजू नका, कारण आधीच्या गोळीचं मेण बॅरलमध्ये असतं. नुकतीच साफ केलेली, तेल लावलेली बॅरलही सुरुवातीला भलतीकडे मारते. आणि गोळ्यांची पेटी उन्हात ठेवू नका.

रायफल हातात आहे तोवर दोन-तीन गोष्टी बघून घ्या. स्टॉकचे स्क्रू कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला आवळा. ढिल्या स्क्रूंची रायफल किती चांगली आहे हे कुणीच सांगू शकत नाही. बॅरल फ्री-फ्लोट, म्हणजे स्टॉकला न टेकणारी, असेल तर स्टॉक आणि बॅरलमधून कागदाची पट्टी अडल्याशिवाय सरकली पाहिजे. लाकडी स्टॉक आपल्या पावसाळ्यात फुगतो, म्हणून जानेवारीत सरकलेली पट्टी जुलैत अडकू शकते. बॅरलच्या तोंडाच्या कडेवर कापसाची काडी फिरवा, धागा अडकला तर तिथे ओरखडा आहे, आणि गोळी सोडताना शेवटची शिवते ती हीच कड. झाडलेल्या केसेस (गोळीच्या रिकाम्या पुंगळ्या) जमवून त्यांच्या रिमवरचा, म्हणजे बुडाच्या कडेवरचा, फायरिंग पिनचा ठसा बघा. तो प्रत्येकीवर सारखा आणि ठसठशीत हवा. फिका-गडद असेल तर स्प्रिंग थकली असेल किंवा बोल्टमध्ये जुनं, घट्ट झालेलं तेल असेल. दोन्ही दुरुस्त होतं, त्यामुळे तेवढ्यासाठी रायफल नाकारू नका. चेंबरच्या पुढे बॅरल झिजली असेल तर मात्र किंमत नवीन बॅरलचा खर्च धरूनच बोला.

त्या ज्येष्ठांना विचारा की ते सध्या कुठला लॉट मारतात आणि त्यांच्याकडे जुने कागद आहेत का. त्यांच्याच लॉटने तुमचे दहा-दहाचे ग्रुप लहान आले, तर व्यवहाराआधी त्याच लॉटची गोळी अजून मिळते का ते शोधा आणि तुमच्या परवान्यावरच्या कोट्यात बसेल तेवढी घ्या. आणि परवान्यावर नोंद होईपर्यंत रायफल घरी नेऊ नका, क्लबमधल्या माणसाकडून घेत असलात तरीही.