एल्डन रिंग: आधी जीव वाढव, मग तलवार

अरे, काल रामबागेत म्हणालास, एल्डन रिंग गेममधला सुरुवातीचा घोडेस्वार शत्रू, ट्री सेंटिनल, आवरत नाही. मग सोड की त्याला! वळसा घालून गेटफ्रंट ही जागा गाठ, तिथे ग्रेसवर, म्हणजे विश्रांतीच्या सोनेरी खुणेपाशी, बसलास की मेलिना नावाची मुलगी टोरेंट हा घोडा देते. घोडा मिळाला की परत ये. सुरुवातीचे रून्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारं चलन, व्हिगरमध्येच (जीव वाढवण्यात) घाल, व्हिगर निदान 40 होईपर्यंत. नवी पोरं नुसती ताकद वाढवतात आणि दोन फटक्यांत आडवी होतात, बघवत नाही. चिलखत दिसायला भारी म्हणून चढवू नकोस. अंगावरचं वजन पेलायच्या मर्यादेच्या 70 टक्क्यांवर गेलं की लोळून फटका चुकवणं जड होतं. पुढे भेटणारा मोठा शत्रू मार्गिट काठी उगारून मुद्दाम थांबतो. तू घाईने लोळलास की फटका बसतोच. म्हणून काठी खाली येईपर्यंत दम धर आणि त्याच्याच दिशेने लोळ. शस्त्र सुधारायचे दगड, स्मिदिंग स्टोन, आधी एकाच शस्त्राला वापर. शनिवारी घरी ये, मार्गिटला कसं हरवायचं ते मी शेजारी बसून शिकवतो.