उष्ण नव्हे, तप्त. आणि खरं विचाराल तर ऊन

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या बाईंचा प्रश्न आला आहे. दूरच्या ताऱ्याला खेटून फिरणारे, भयंकर तापलेले, गुरूएवढाले वायुग्रह असतात, त्यांच्यावर मुलांनी भित्तिपत्रक केलं. एकाने मथळा दिला ‘उष्ण गुरू’, दुसरीने ‘तप्त गुरू’, आणि पाहायला आलेल्या एका पाहुण्यांनी दोन्ही खोडून ‘आगीचा गोळा’ केलं. बरोबर कुठलं? शिवाय ‘गुरू’तला रु पहिला की दुसरा?

दुसऱ्या प्रश्नात फार वेळ घालवत नाही. एकटा असला की दीर्घ, समासात आणि ‘त्व’सारख्या संस्कृत प्रत्ययाआधी ऱ्हस्व: गुरू, गुरूला, पण गुरुवार, गुरुत्वाकर्षण. ‘गुरूत्वाकर्षण’ छापलेलं दिसलं की भाकरीत खडा लागल्यासारखं होतं.

‘आगीचा गोळा’ मात्र पुसायला सांगा, आजच. हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. हा ग्रह मुख्यतः हायड्रोजन आणि हीलियमचा. तिथे काही पेटलेलं नाही. तवा तापतो, चूल पेटते. एवढा फरक तिसरीतल्या पोरालाही घरात कळतो, मथळा देताना मोठ्यांनाच कळत नाही.

आता उष्ण आणि तप्त. उष्ण हा स्वभाव आहे. पपई उष्ण; फ्रीजमधून काढून गारेगार खाल्ली तरी उष्णच. तप्त हे ‘तप्’ धातूचं भूतकाळी रूप, म्हणजे जे तापलं किंवा तापवलं गेलं ते. आपला गुरू तर गारठलेला, ढगांच्या माथ्यावर उणे १०० अंशांच्याही खाली. तसलाच गोळा ताऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवला म्हणून तापला. मिशेल मेयर आणि दिदिए केलो या खगोलशास्त्रज्ञांनी १९९५ साली जाहीर केलेला ‘५१ पेगासी बी’ हा ग्रह घ्या. पृथ्वी-सूर्य अंतराच्या विसाव्या हिश्श्यावर राहून तो सव्वाचार दिवसांत ताऱ्याभोवती फेरी पुरी करतो. आपल्या गुरूला तेवढ्यालाच जवळजवळ बारा वर्षं लागतात. या शोधासाठी दोघांना २०१९ मध्ये नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. ताप बाहेरून आलेला, म्हणून ‘तप्त’. उत्तर संपलं.

पण मला बोलायचंय ते ‘ऊन’बद्दल.

संस्कृत उष्ण, प्राकृत उण्ह, मराठी ऊन. मधला ह हरवला असं वाटतं, पण ‘उन्हाळा’ आणि ‘उन्हात’ म्हणताना तो पुन्हा डोकं वर काढतो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर हाच ह उडी मारून पुढे बसलेला दिसेल: ‘हून उदक’. (वजाबाकीतलं ‘उणे’ याच्या नात्यातलं नाही. ते संस्कृत ‘ऊन’ म्हणजे कमी, त्याचं. दोघांची मोट बांधणारे महाभाग मला भेटलेत.)

मजा पुढे आहे. मराठीत ऊन म्हणजे गरम, आणि ऊन म्हणजे सूर्याचा प्रकाशही. हिंदीवाला पाण्याला ‘गरम’ म्हणतो आणि उन्हाला ‘धूप’; दोन शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. मग आपल्याकडे एकाच शब्दात हे दोन्ही कुठून आलं? बेळगावात वाढलेल्याला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. आमच्या वाड्यात एकच न्हाणीघर होतं. आजी हंड्यात हात बुडवून ओरडायची, “पाणी ऊन झालंय, या रे!” आणि पलीकडच्या कानडी अक्का आपल्या पोरांना हाक मारायच्या, “बिसि नीरु!” पापड वाळत घालायला दोघी गच्चीवर गेल्या की आजी म्हणणार “लई ऊन हाय”, अक्का म्हणणार “बिसिलु”. बिसि म्हणजे गरम, बिसिलु म्हणजे ऊन. आमच्याकडे जी जोडी ऊन-ऊन, तीच त्यांच्याकडे बिसि-बिसिलु.

माझं म्हणणं असं की शब्दाचं अंग संस्कृताचं, पण सूर्यप्रकाशाला ‘गरम’वरून नाव द्यायची रीत कन्नडच्या शेजारातून आलेली. कोशकार ‘सं. उष्ण’ एवढं लिहून हात झटकतात. एका जाणकारांनी मला ऐकवलं की हा निव्वळ योगायोग आहे, आणि कन्नडचं ऋण अण्णा-अक्कापाशी संपतं. त्यांनी एक उन्हाळा इकडे काढावा, मग बोलू.

आणखी एक गंमत बघा. ऊन पाणी, ऊन भात, ऊन भाकरी म्हणतो; ऊन निखारा कोणी म्हणतं का? दुसऱ्याच्या आचेवर जे तापतं तेच ऊन. तापात अंग ऊन लागतं म्हणतात, तेवढा अपवाद मी डोळ्याआड करतो. म्हणजे ताऱ्याच्या आचेवर शेकणाऱ्या या ग्रहाला ‘ऊन गुरू’ याहून नेमकं नाव कुठलं? त्यात हे ग्रह एकच बाजू कायम ताऱ्याकडे करून असतात असं मानतात. त्या बाजूला ऊन चढत नाही की कलत नाही, जिथे उभे राहाल तिथे कायमचं तेच. पलीकडच्या बाजूला कायमची रात्र.

उलट माझी हरकत ‘गुरू’ला आहे. गुरू म्हणजे जड. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने २०२१ मध्ये असाच एक ग्रह जाहीर केला, ‘टीओआय १७८९ बी’. तो सव्वातीन दिवसांत फेरी पुरी करतो. वस्तुमान गुरूच्या सत्तर टक्के आणि आकार मात्र जवळजवळ दीडपट. तव्यावर टम्म फुगलेल्या भाकरीसारखा. घनता पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. नाव गुरू आणि वजनाला असा! आणि तो टिपला कुठून, तर अबूच्या पहाडावर दत्तगुरूंच्या नावाच्या गुरुशिखरावरून. इथे रु पहिला, बाई.

भित्तिपत्रकावर ‘तप्त गुरू’च लिहा, परीक्षेत तेच चालेल. ‘उष्ण’ लिहिणाऱ्या पोराला मात्र रागावू नका. त्याला फक्त पपई दाखवा.