नावाचा अर्थ आणि नावाची गोष्ट

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली बायबलमधील नावांची यादी काल सावकाश वाचली. मेहनत दिसते, परंतु ‘शमुवेल’ या नावापुढे तू ‘देवाने ऐकले’ असे लिहिले आहेस, तिथे मी अडलो. तो अर्थ इश्माएलचा. हिब्रूत ‘शामा’ म्हणजे ऐकणे, आणि हे क्रियापद इश्माएलमध्ये उघड दिसते. शमुवेलमध्ये मात्र ‘शेम’ म्हणजे नाव आणि ‘एल’ म्हणजे देव हे दोन शब्द आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

आता मौज पाहा. १ शमुवेल या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात हन्ना आपल्या मुलाचे नाव शमुवेल ठेवते आणि कारण सांगते की, मी याला परमेश्वराकडे मागितले. हिब्रूत मागणे म्हणजे ‘शाअल’ आणि मागितलेला तो ‘शाऊल’. म्हणजे तिने दिलेले कारण शमुवेलापेक्षा इस्राएलचा पहिला राजा शौल याच्या नावाला अधिक चपखल बसते. इतकेच नव्हे, तर २८व्या वचनात ती मुलाविषयी बोलताना ‘शाऊल’ हाच शब्द उच्चारते. ही कथा मुळात शौलाच्या जन्माची असावी, असा तर्क काहींनी यावरून केला आहे. मला तो पटत नाही. ज्या शौलाला हा मुलगा पुढे डोक्यावर तेल ओतून, म्हणजे अभिषेक करून, राजा करणार आहे, त्याचे नाव लेखकाने आधीच आपल्या कानावर घालून ठेवले, असे मला वाटते. मराठी भाषांतरात हा श्लेष उतरत नाही, आणि त्याचा दोष भाषांतरकाराला देता येणार नाही.

म्हणून यादीत दोन रकाने कर: व्युत्पत्ती काय सांगते आणि कथा काय सांगते. एकाने दुसऱ्याला खोटे पाडू नकोस. मोशे या संदेष्ट्याच्या बाबतीत फारोची, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) राजाची, मुलगी ‘पाण्यातून बाहेर काढला’ असा हिब्रू अर्थ सांगते. पण थुटमोस, रामसेस या मिसरी राजांच्या नावांतला ‘जन्मलेला’ या अर्थाचा मिसरी शब्दच मोशेमध्येही असण्याचा संभव मोठा आहे. याकोबाच्या नावाचा टाचेशी आणि इसहाकाच्या नावाचा हसण्याशी कथेत जोडलेला संबंध ही उदाहरणे तुला ठाऊकच आहेत.

केवळ ग्रंथावर विसंबूही नकोस. १९३५ साली लाखीश या प्राचीन यहूदी नगराच्या उत्खननात शाईने लिहिलेली खापरे सापडली. ती यहूदा या प्राचीन यहूदी राज्याच्या अखेरच्या वर्षांतली आहेत. त्यांपैकी पहिल्या खापरावर फक्त नावे आहेत: पाच माणसे आणि त्यांचे बाप. या दहा नावांपैकी आठांच्या शेवटी ‘याहू’, म्हणजे परमेश्वराच्या नावाचे संक्षिप्त रूप आहे. गमर्याहू, मत्तन्याहू, यिर्मयाहू अशी ती रांग चाललेली असताना मध्येच एक हागाब येतो, आणि हागाब म्हणजे टोळ! त्या बापाने पोराचे नाव टोळ का ठेवले असेल, याचे उत्तर कोणताही कोश देणार नाही. तिथे रकाना कोराच ठेव.

आणखी दोन नावे यादीत घाल. मुंबईत १७९६ साली बेने इस्राएल या कोकणातल्या यहूदी समाजाचे पहिले प्रार्थनास्थळ उभारणारे समाजी हसाजी दिवेकर यांचे हिब्रू नाव शमुवेल, आणि त्यांच्या वडिलांचे यहेज्केल, म्हणजे ‘देव बळ देवो’. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहून, तेलाच्या घाण्यावर काम करून, मराठी बोलत आलेल्या या लोकांनी दोन्ही नावांतला ‘एल’ गाळला आणि त्या जागी ‘जी’ आणला. देवाच्या नावाऐवजी माणसाचा मान आला, हे त्यांच्या ध्यानात होते की नुसते जिभेचे वळण होते, यावर तुझे मत पुढच्या पत्रात कळव.