बांध ओलांडणारा मांगूर

प्रश्न : मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या भातखाचराच्या बांधावर, गवतात, एक काळपट मिशीवाला मासा वळवळताना आढळला. पाण्याबाहेर असूनही तो बराच वेळ जिवंत होता. हा मांगूर असेल का? मांगुरावर बंदी आहे, हे खरे का?
– एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : आपल्या वर्णनावरून तो मांगूर किंवा शिंगी असावा. दोघांच्याही अंगावर खवले नसतात आणि दोघांनाही मिशांच्या चार जोड्या असतात. मात्र मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून निघून शेपटीपर्यंत जातो, तर शिंगीच्या पाठीवर पुढच्या बाजूला केवळ लहानसा पर असतो.

मांगुराच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते आणि तीत कल्ल्यांच्या कमानींपासून फुटलेले, झुडपासारखे फांद्याफांद्यांचे लालसर अवयव असतात. त्यांत रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने हवेतला प्राणवायू थेट रक्तात घेता येतो. म्हणूनच साचलेल्या, गढूळ पाण्यातला प्राणवायू कमी झाला की हा मासा वर येऊन हवा घेतो, आणि अंग ओले राहिले तर पाण्याबाहेरही तग धरतो. छातीजवळच्या परांतील कठीण काटे जमिनीत रोवून आणि शरीराला हेलकावे देत तो पावसाळी रात्री एका खाचरातून दुसऱ्यात जातो.

हा प्रवास बहुधा विणीसाठी असतो. भाताच्या शेतातले उथळ पाणी त्याला मानवते. बांधाच्या कडेला, पाण्याखालच्या बिळात मादी चिकट अंडी घालते, ती गवताच्या मुळांना धरून राहतात, आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत नर तेथे राखण करतो. बांध सिमेंटचे झाले, खाचरात कीटकनाशके पडू लागली, की या माशाचे घरच नाहीसे होते; भारतीय मांगूर जागतिक लाल यादीत संकटग्रस्त ठरला आहे, हे त्यामुळे अधिकच खटकते.

बंदी आहे ती आफ्रिकी मांगुराच्या पालनावर. बाजारात त्याला ‘थाई मांगूर’ म्हणतात. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनास मनाई केली आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिची अंमलबजावणी करण्यास सांगितले. हा मासा मीटरभराहून लांब वाढतो आणि ओढ्यात सुटला तर स्थानिक मासे फस्त करतो. आपला मांगूर साधारण फूट-दीड फुटाचा असतो आणि त्याचा या बंदीशी संबंध नाही.

चढणीचे मासे धरण्याची कोकणातली रीत जुनी आहे, हे मी जाणतो. तरीही पहिल्या पावसात वर येणाऱ्या मांगुराच्या मादीच्या पोटात पुढच्या वर्षीचे मासे असतात, तेव्हा निदान लावणी आटोपेपर्यंत त्याला धरू नये, असे मला मनापासून वाटते. पुन्हा बांधावर दिसला, तर ओल्या फडक्यात हलकेच धरून जवळच्या खाचरात सोडावा. छातीजवळच्या काट्यांपासून मात्र बोटे जपावीत, कारण ते टोचल्यास बराच वेळ ठणका लागतो, आणि शिंगीचा काटा तर त्याहून त्रासदायक असतो.