घाटात थांबलात म्हणून धरसोड?

प्रश्न : ताई, मी ३९ वर्षांची, साताऱ्यात राहते. सातारा हिल मॅरेथॉनसाठी सहा महिने पहाटे उठून तयारी केली. त्या दिवशी सुरुवातीलाच जोरात निघाले. यवतेश्वरच्या घाटात दम तुटला आणि मी शर्यत सोडली. घरी नवरा म्हणाला, "तुझं नेहमीचंच, धरसोड." माझं बी.एड.ही अर्ध्यावर सुटलं होतं. तेव्हापासून बुटांना हात लावलेला नाही.

उत्तर : सहा महिने घरातलं सगळं सांभाळून पहाटे पळायला जाणाऱ्या बाईला धरसोड म्हणणं मला अजिबात मान्य नाही. तुमची जिद्द कमी पडली नाही, वेग चुकला. तुमच्या शर्यतीच्या २१ किलोमीटरांतला पहिला निम्मा भाग चढाचाच. तिथे सुरुवातीलाच ताकदीबाहेर पळलं की स्नायूंना पुरेसा प्राणवायू मिळत नाही, पाय जड होतात, आणि मग मनाने कितीही बजावलं तरी ते ऐकत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत सुमारे ९० किलोमीटरची, मुदत १२ तास. आपल्याकडचेही बरेच धावपटू तिथे जातात. तिथली मुरलेली मंडळी मोठ्या चढांवर ठरवून चालतात, कारण त्यांना शेवटपर्यंत पोचायचं असतं.

बी.एड. का सुटलं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. मनच नव्हतं, तर सोडलंत ते बरंच केलंत. तुमच्याच जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या होत्या. तरी त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीकडे, वळल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावल्या. पण परिस्थितीमुळे सुटलं असेल आणि अजून रुखरुख वाटत असेल, तर त्याबद्दल मला पुन्हा लिहा. तो प्रश्न वेगळा आहे, त्याचं ओझं घाटात नेऊ नका.

आता महिनाभर घड्याळ घरी ठेवा. सोबतिणीशी सलग बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. आठवड्यातून एकदा चढावर जा; थोडं पळा, थोडं चाला. पाय भरून आले तर हरकत नाही, पण सांधा सुजला किंवा छातीत दुखलं तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि नवऱ्याला स्पष्ट सांगा, "तो शब्द मला फार लागला." त्यांना कदाचित कल्पनाही नसेल. एखाद्या रविवारी त्यांनाही घाटात घेऊन जा. पुढच्या वर्षी नाव नोंदवायचं की नाही, ते मात्र तुमचं तुम्ही ठरवा.