निकेल मुलाम्याच्या रिव्हॉल्व्हरची चमक कशी टिकवावी?

वडिलांचं जुनं रिव्हॉल्व्हर ब्रासोने घासू का, असं विचारलंत. कृपा करून नको! ब्रासोत घासणारी पूड असते आणि अमोनियाही. बऱ्याच जुन्या कामांत निकेलखाली तांब्याचा थर असतो. एखाद्या ओरखड्यातून अमोनिया आत शिरला की तांबं खातो आणि वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटतं. नळी साफ करायची काही द्रावणंही अमोनियाचीच असतात, डबीवर बघून घ्या.

आधी शस्त्र रिकामं असल्याची खात्री करा. मग मऊ सुती फडक्यावर बंदुकीच्या तेलाचे दोन थेंब घेऊन बोटांचे ठसे पुसा. बस्स, एवढंच. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवून देऊ नका. चामडं ओल धरतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर फारच. पापुद्रा सुटलाच असेल तर परवानाधारक कारागिराला दाखवा.