झीन शहराची, मदत संस्थेची : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण घरच्या घरी छापलेल्या छोट्या अंकांबद्दल, म्हणजे झीनबद्दल लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रांत विषय एकच, शहरावर झीन काढायचीय आणि त्यातून कुणाला तरी मदतही करायचीय. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच.

प्रश्न : ताई, आम्ही तिघं मिळून पुण्यावर झीन काढतो. 16 पानी, ए5 साइज, पीएमपीच्या स्टॉपवरच्या गप्पा, अमृततुल्य, जुन्या दुकानांच्या पाट्या, मंडईतली सकाळ असं सगळं. 100 प्रती काढतो, एका प्रतीला 28 रुपये खर्च येतो आणि किंमत 50 ठेवलीय. शेवटच्या पानावर आम्ही लिहिलं होतं की 'नफा कष्टकऱ्यांच्या मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेला दिला जाईल'. दोन अंक झाले, नफाच उरला नाही, आता लोक विचारतायत किती दिले म्हणून. काय करायचं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी हिशोब करू, कारण सगळी गोम तिथेच आहे. 100 प्रतींचे 2800 गेले. त्यातल्या समजा 15 प्रती लिहिणाऱ्यांना आणि ओळखीच्यांना फुकट गेल्या, त्या जायलाच हव्यात. हातोहात 45 विकल्या त्याचे 2250 आले. दुकानात 30 ठेवल्या, दुकानदार 30 टक्के कापतो म्हणजे तुमच्या हातात प्रतीमागे 35 येतात, आणि विकल्या गेल्या 20, म्हणजे 700. उरलेल्या घरी पडून. एकूण झाले 2950, खर्च वजा जाता हातात 150 आणि त्यातून अजून रिक्षाचे पैसे द्यायचेत. छोट्या झीनला नफा असाच असतो हो, जवळपास नसतोच, त्यामुळे 'नफा संस्थेला' हे कितीही मनापासून लिहिलं तरी संस्थेच्या हातात काही पडत नाही आणि वाचकाला मात्र वाटतं की आपण 50 रुपयांची मदत केली.

म्हणून 'नफा' हा शब्दच काढून टाका आणि प्रतीमागे ठरलेली रक्कम लिहा. किंमत 60 करा आणि छापा की 'विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे 10 रुपये अमुक संस्थेला'. आता तोच हिशोब परत, 45 चे 2700, दुकानातल्या 20 चे 42 प्रमाणे 840, एकूण 3540, छपाई वजा जाता 740, त्यातले 65 प्रतींचे 650 संस्थेला आणि 90 उरले. कुणाच्याही खिशाला खार नाही आणि पुढचा अंक काढायला तुम्ही शिल्लक राहता. माझं ठाम मत आहे की झीनने आधी स्वतःची छपाई भागवावी, कारण तीन अंकांत बंद पडलेल्या झीनपेक्षा वर्षानुवर्षं 650 देणारी झीन त्या अभ्यासिकेच्या जास्त कामाची. आणि आधीच्या दोन अंकांचं काय, तर पुढच्या अंकात सरळ छापा, इतका खर्च, इतकी विक्री, उरलं नाही म्हणून दिलं नाही, आता पद्धत बदललीय. लोक समजून घेतात, आकडे लपवले की मात्र बिथरतात.

पुढच्या अंकाच्या मागच्या पानावर एक छोटी चौकट ठेवा, तीन ओळींची, 'मागच्या अंकाच्या 65 प्रती विकल्या. 650 रुपये दिले. पावती क्रमांक अमुक, तारीख अमुक.' बस. संस्थेचं नाव छापायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, एक ईमेल पुरे. खूप जण हे विसरतात आणि संस्थेला कळतं तेव्हा अंक बाजारात गेलेला असतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अंकाची किंमत घेणं ही विक्री आहे, पण टेबलावर डबा ठेवून किंवा तुमच्या क्यूआरवर 'वर जे द्याल ते मदतीसाठी' असं म्हणून पैसे गोळा करायला लागलात की ती वर्गणी झाली. महाराष्ट्रात नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या कुणी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 41 क, गणपती मंडळं दरवर्षी घेतात ना, तीच. तिघांच्या झीनने त्या भानगडीत पडूच नये. संस्थेचा स्वतःचा क्यूआर शेवटच्या पानावर छापा, ज्याला जास्त द्यायचंय तो थेट त्यांच्या खात्यात देईल. यात देणाऱ्याचाही फायदा आहे, संस्थेकडे 80 जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असेल तर पावती त्याच्या नावाने निघते, तुमच्या खात्यातून गेलं की पावती तुमच्या नावाने आणि त्याला काहीच नाही. (2000 च्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, आणि नव्या कर पद्धतीत गेलेल्यांना तशीही मिळत नाही, हे वाचकांना सांगून टाका म्हणजे नंतर प्रश्न येत नाहीत.)

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 650 रुपयांत अभ्यासिकेचं भाडं निघत नाही. पण तुमचे शंभर वाचक त्याच भागातले आहेत, बसने अर्ध्या तासात तिथे पोचू शकतात. दर अंकात अर्धं पान त्या संस्थेला द्या आणि त्यांना विचारा या महिन्यात नेमकं काय हवंय, शनिवारी गणित शिकवायला कुणी, इंग्रजी-मराठी डिक्शनऱ्या, बंद पडलेला पंखा दुरुस्त करणारा कुणी. तेवढंच छापा, भावुक न होता, फोन कुणाला करायचा ते लिहून. मोठ्या पेपरला हे जमत नाही कारण त्यांचा वाचक लांबचा असतो, तुम्हाला जमेल.

प्रश्न : खर्च कमी कसा करू? कलर कव्हर केलं की बजेट कोलमडतं.
— नाशिक

उत्तर : कलर छपाई सोडा आणि रंगीत कागदावर काळी छपाई करा, पिवळ्या किंवा गुलाबी कागदावर छान उठून दिसते. पानं चारच्या पटीत ठेवा, 16 पानी ए5 म्हणजे ए4 चे चार कागद दोन्ही बाजूंनी, एक पान वाढवलं की अख्खा कागद वाढतो. शे-दोनशे प्रतींसाठी ऑफसेटच्या मागे लागू नका, प्लेटचा खर्च थोड्या प्रतींवर बसतो आणि अंक महाग होतो, डिजिटल किंवा साधं झेरॉक्स बरं. लांब हाताचा स्टेपलर एकदाच विकत घ्या, साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही. पिना घडीच्या बाहेरच्या बाजूने आत मारायच्या, म्हणजे टोकं मधल्या पानावर दुमडली जातात आणि हाताला लागत नाहीत. आणि पहिली प्रत स्वतः वाचून मगच बाकीच्या काढा, पानांचा क्रम उलटा लागणं हे फार कॉमन आहे.

प्रश्न : झीनला सरकारी नोंदणी लागते का? एक जण म्हणतो लागते, दुसरा म्हणतो कोण विचारतंय.
— औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : 'कोण विचारतंय' हे उत्तर नको, विशेषतः तुम्ही एखाद्या संस्थेचं नाव सोबत छापताय तेव्हा. 1867 चा जुना कायदा गेला, आता प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ पीरियॉडिकल्स अ‍ॅक्ट 2023 आहे, 1 मार्च 2024 पासून लागू. त्यात नियतकालिक म्हणजे ठराविक काळाने निघणारं आणि ज्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यावरचं भाष्य आहे असं प्रकाशन. पुस्तक त्यात येत नाही. म्हणजे तुम्ही दर महिन्याला शहरातल्या घडामोडींवर अंक काढणार असाल तर नोंदणी करा, अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. वर्षातून कधीतरी, जमेल तेव्हा, गोष्टी-चित्रं-आठवणी असं काढत असाल तर ते त्या व्याख्येत बसत नाही, पण मग कव्हरवर 'मासिक' किंवा 'त्रैमासिक' लिहू नका. मधलं काहीतरी असेल तर एखाद्या वकिलाला अंक दाखवून विचारा.

जमेल तेव्हा अंक काढायची आपल्याकडे मोठी परंपरा आहे हेही सांगते. 'शब्द' हे अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 1950 च्या दशकात सायक्लोस्टाइल करून काढलेलं, पुढे अशोक शहाणे यांचं 'असो' आणि साठच्या दशकातली बाकी अनियतकालिकं, थोड्या प्रती, खिशातले पैसे, आणि मराठी साहित्याला त्यांनी किती हलवलं ते आपण बघतोच. तेव्हा अंक लहान आहे म्हणून कमी लेखू नका. नोंदणी असो-नसो, प्रकाशकाचं नाव, गाव आणि कुठे छापलं हे प्रत्येक अंकावर द्या. जबाबदारी घेणारं कुणीतरी दिसलं पाहिजे.

प्रश्न : आम्ही फुटपाथवर राहणाऱ्या लोकांवर एक अंक करतोय आणि पैसे त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला देणार. मुलांचे फोटो फार सुंदर आलेत, पण एक मैत्रीण म्हणते छापू नका. तिचं बरोबर आहे का?
— दादर

उत्तर : तिचं अगदी बरोबर आहे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही, नाव, पत्ता, शाळा, फोटो, मासिकात काय कुठेच छापता येत नाही, आणि रस्त्यावर राहणारी मुलं बहुतेकदा त्यात येतात. आईने हो म्हटलं तरी छापू नका. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. तो मुलगा उद्या शाळेत जाईल, नोकरीला लागेल, आणि तुमचा अंक कुणाच्या तरी कपाटात असेल.

मोठ्या माणसांचं लिहिताना लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, हिंदीत बोलले असतील तर हिंदीत सांगा, आणि ते म्हणाले 'हे काढा' तर काढा, वाद नको. नवऱ्याबद्दल, कर्जाबद्दल माणूस बोलून जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याला नको वाटतं. ज्याची गोष्ट तुम्ही घेताय त्याला लेखकासारखं मानधन द्या, 200 का होईना, आणि ते संस्थेच्या रकमेतून नाही तर छपाईच्या बजेटमधून.

लंडनमध्ये 1991 साली द बिग इश्यू सुरू झालं, ते इथे बघण्यासारखं आहे. बेघर किंवा अडचणीतली माणसं तो अंक निम्म्या किमतीत विकत घेतात आणि रस्त्यावर पूर्ण किमतीला विकतात, मधला फरक त्यांचा. तिथे घेणारा दान देत नाही, तो अंक घेतो आणि विकणारा धंदा करतो, आणि अंकात सिनेमा-राजकारण सगळं असतं, नुसत्या दुःखाच्या कहाण्या नसतात. आणि लांब कशाला जायचं, पुण्यात हमाल पंचायतीने 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली, ना नफा ना तोटा जेवण. कुणी तिथे हात पसरत नाही, पैसे देऊन पोटभर जेवतो. शहरावर लिहायचं तर अशा जागी जाऊन बसा, भाकरी थापणाऱ्या बायकांशी बोला, पीठ कुठून येतं, पहाटे किती वाजता चूल पेटते ते लिहा. वाचकाला दया वाटण्यापेक्षा ओळख व्हावी असा अंक काढा, मग मदत करायला लोक आपणहून विचारतात.

प्रश्न : माझा भाऊ लंडनला आहे, त्याचे मित्र आमची झीन घेतात आणि संस्थेला पैसे पाठवू म्हणतायत. घ्यायचे का? आणि अंक गावोगावी स्वस्तात पाठवायला काही सोय आहे का?
— सांगली

उत्तर : पैसे तुमच्या खात्यात अजिबात घेऊ नका. भावाकडे आणि मित्रांकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून देत असतील तर ती विदेशी देणगी धरत नाहीत, ते थेट संस्थेला देऊ शकतात, संस्था पासपोर्टची कॉपी मागून घेईल. ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे मात्र विदेशी देणगीच, मराठी असले तरी, आणि त्यासाठी संस्थेची एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं. छोट्या संस्थांकडे ते बहुतेकदा नसतं, आधी विचारा, नाहीतर तुमच्या उत्साहापायी त्या अडचणीत येतील.

पाठवायचं म्हणाल तर पोस्टाची ज्ञान पोस्ट 1 मे 2025 पासून सुरू झालीय, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि वर कर. ती पुस्तकांसाठी आहे, नियमित निघणाऱ्या किंवा जाहिराती असलेल्या अंकांना चालत नाही, आणि छापणाऱ्याचं किंवा प्रकाशकाचं नाव आत असावं लागतं. एक प्रत घेऊन काउंटरवर दाखवा आणि चालेल का ते विचारून मगच बाकीची पाकिटं चिकटवा.